प्रणिता घरत नावाची पट्टी

मी एक जुनी पट्टी आहे, मित्रांनो. नावाची पट्टी. लांबीला तुमच्या मधल्या बोटाएवढी, रुंदीला अंगठ्याएवढी. वर काळं प्लास्टिक आणि त्यात कोरलेली पांढरी अक्षरं: प्रणिता घरत. रोह्याला लागून असलेल्या वरसे गावात, एका भाड्याच्या खोलीतल्या कपाटाच्या खालच्या खणात मी पडलेली असते. सोबतीला सुटी बटणं आणि दोऱ्याची रिळं. माझ्या पाठीला दोन पिना होत्या, त्यातली एक तुटली आहे.

पट्टीला काम एकच असतं. समोर कोणी आलं की त्याला आपलं नाव वाचू द्यायचं. यात अवघड ते काय, असं तुम्हाला वाटेल. मलाही तसंच वाटलं होतं. पण ज्यांना वाचायचंच नसतं, त्यांच्यासमोर रोज ताठ बसून राहण्यात किती शीण असतो, ते मी पाच वर्षांत शिकले. तेच आज सांगते. सावकाश सांगते, कारण आता माझ्याकडे घाई उरलेली नाही.

माझा जन्म १९९२च्या मे महिन्यात पेणमध्ये झाला. एसटी स्टँडसमोर कान्हूचं रबरी शिक्के आणि पाट्या करून देण्याचं दुकान होतं. दिनानाथ घरत भर दुपारी तिथं आले. ते खाडीकडच्या मिठागरात काम करत. पायांना भेगा, आणि पांढऱ्या मिठाची चमक बघून बघून लाल झालेले डोळे. त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि कान्हूपुढे ठेवला.

"यवढं नाव कोरून पायजे. मिलिट्रीच्या डरेसवर लावायचं हाय."

कान्हूने कागद वाचला आणि मान वर केली. "दिनानाथ, हे तर पोरीचं नाव."

"व्हय. माझीच पोर."

"मिलिट्रीत पोरगी? तिथं काय करनार ती?"

"नर्स हाय. तीन वर्सं शिकली मिलिट्रीच्याच दवाखान्यात. आता हापिसर झाली. खांद्याव दोन तारे लागतात तिच्या," दिनानाथ म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "अक्षर मोठं काढ. लांबून वाचता आलं पायजे."

कान्हूने यंत्राची सुई फिरवली आणि माझ्यातून बारीक भुसा उडाला. दिनानाथांना वाचता येत नव्हतं. त्यांनी मला हातात घेऊन प्रत्येक अक्षरावरून बोट फिरवलं, मग सदऱ्याच्या खिशात ठेवून वर हात दाबून धरला. गावात पोचेपर्यंत तो हात तसाच होता.

गावाने शाळेच्या अंगणात प्रणिताचा सत्कार केला. नारळ दिला, शाल दिली. तिची आई, जनी, मागे बायकांत बसली होती. शेजारणीला म्हणाली, "मिठाव राबून काळी पडली गो माझी पोर. आता दवाखान्यात सावलीत रव्हल."

सावली! मला तो शब्द पुढे फार वेळा आठवला.

दोन दिवस आणि दोन रात्री आगगाडीतून जाऊन आम्ही उत्तरेकडच्या एका छावणीत पोचलो. गावाचं नाव सांगत नाही, त्याने काही बिघडत नाही. पांढऱ्या गणवेशावर प्रणिताने मला लावलं, आरशात पाहून सरळ केलं आणि वॉर्डात गेली. दारात एक हवालदार उभा होता. आमच्या पुढून एक तरुण डॉक्टर आत गेला. त्याच्या खांद्यावरही दोनच तारे होते. हवालदाराने खाडकन सॅल्यूट ठोकला. मग प्रणिता आली. त्याने तिच्या खांद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिला.

पहिला दिवस आहे, प्रणिता मनाशी म्हणाली. दुसऱ्या दिवशीही तेच झालं. महिन्याने तिने मोजणं सोडून दिलं.

समोरासमोर तिला सगळे 'सिस्टर' म्हणत. त्यात काही वाईट नव्हतं, ते तिचं कामच होतं. पण पाठ वळली की एक दुसरा शब्द यायचा. 'काली'. कुठली सिस्टर होती ड्यूटीवर? वो काली. हा शब्द मी रोज ऐकला. आणि गंमत म्हणजे बोलणाऱ्याला आपण काही वाईट बोलतो आहोत असं कधी वाटत नसे. ते सहज बोलत, हसत बोलत, पाणी मागावं तसं बोलत.

सर्जरी वॉर्डाचे प्रमुख एक मेजर डॉक्टर होते. हात कुशल होता, हे मी नाकारणार नाही. त्यांचं नाव सांगत नाही. त्यांनीही आमचं कधी घेतलं नाही.

वर्षभराने प्रणिताच्या खोलीत दुसरी नर्स राहायला आली. मिझोरामच्या डोंगरातली. ठेंगणी, गोरटेली, कमी बोलणारी. तिच्या छातीवरही माझ्यासारखीच पट्टी होती. प्रणिता तिच्यासमोर उभी राहिली आणि पट्टीवर बोट न लावता एकेक अक्षर वाचू लागली. "लाल... रेमी. बरोबर?"

ती हसली. "शेवट जरा लांबव. लालरेमीऽ. पण रेमी म्हटलंस तरी चालेल." दोघी आपसात हिंदीतच बोलत, मी ते तुम्हाला मराठीत सांगते आहे. मग ती म्हणाली, "इथं येऊन आठ दिवस झाले. विचारणारी तू पहिली."

तिलाही इथं दुसरं नाव पडलं होतं. 'चिंकी'. कोणी 'चिनी सिस्टर' म्हणे. एका पेशंटने तर प्रेमाने विचारलं, "सिस्टर, तुम्ही इंडियात कधी आलात?" रेमीने त्याच्या हातातली सुई काढत शांतपणे सांगितलं, "माझे वडील याच फौजेत बावीस वर्षं होते. त्यांच्या पायात अजून गोळीचा तुकडा आहे." पेशंट ओशाळला. दुसऱ्या दिवशी त्याने तिला पुन्हा चिंकी म्हणूनच हाक मारली.

त्या वर्षी इस्पितळाचा वर्धापनदिन होता. मोठे अधिकारी येणार होते. नर्सनी दारात फुलं घेऊन उभं राहायचं ठरलं. मेजरसाहेब मेट्रनबाईंच्या खोलीत येऊन यादी पाहू लागले. प्रणिता आणि रेमी तिथंच उभ्या होत्या. साहेबांनी यादीतल्या दोन नावांवर काट मारली आणि म्हणाले, "पुढे गोऱ्या-गोऱ्या ठेवा. ही काली आणि ही चिंकी, यांना नाश्त्याकडे बघू दे."

दोघी समोर उभ्या असताना, मित्रांनो! टेबलं, खुर्च्या उभ्या असाव्यात तशा.

त्या दिवशी दोन लेफ्टनंट बाया स्वयंपाकघरात उभ्या राहून समोसे मोजत होत्या. आणि ज्या दोघींना पुढे उभं केलं, त्यांचाही काही सन्मान झाला असं समजू नका. त्यांच्या हातात फुलदाणीसारखी फुलं होती आणि त्यांच्याही पट्ट्या कोणी वाचल्या नाहीत.

संध्याकाळी प्रणिता मेट्रनबाईंकडे गेली. "मॅडम, हे बरोबर नव्हतं."

मेट्रनबाई वयस्कर होत्या. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "नव्हतंच. पंचवीस वर्षांपूर्वी मीही हेच म्हटलं होतं, माझ्या मेट्रनला. ती म्हणाली, सवय होईल. मला झाली. हे फार वाईट झालं, मुली, पण आता माझ्यात भांडायचं बळ नाही."

आता ज्या गोष्टीसाठी मी हे सगळं सांगते आहे, ती आली. १९९५चा फेब्रुवारी महिना. वॉर्डात नितेश नावाचा एकवीस वर्षांचा शिपाई होता, आपल्या कोलाडजवळच्या खांब गावचा. अपेंडिक्सचं ऑपरेशन झालेलं. आपल्याकडचा मुलगा म्हणून प्रणिताला त्याचं कौतुक होतं. तो तिला ताई म्हणे. रेमीला मात्र तोही चिंकीच म्हणायचा.

ऑपरेशननंतरचा तिसरा दिवस. दुपारची ड्यूटी रेमीची होती. चारच्या सुमाराला नितेशचा ताप चढला, नाडी धावू लागली आणि पोट फळीसारखं कडक झालं. रेमीने चार वाजून दहा मिनिटांनी मेजरसाहेबांना फोन केला. ते मेसमध्ये टीव्हीवर क्रिकेटची मॅच बघत होते. "गॅस असेल," म्हणाले. रेमीने वहीत वेळ लिहिली. वॉर्डातला दुसरा सर्जन रजेवर होता. तिने सलाईन चालू केलं, जे जे तिच्या हातात होतं ते केलं, आणि पाच वाजून चाळीस मिनिटांनी पुन्हा फोन लावला.

नेमकी त्याच वेळी प्रणिता शेजारच्या वॉर्डातून सलाईनचा स्टँड मागायला आली. मेजरसाहेबांचा आवाज असा चढलेला होता की फोनपासून हातभर लांब असूनही आम्ही सगळं ऐकलं.

"तुझी भाषा मला कळत नाही. तुम्हा चिंक्यांना नाडी मोजता येते का?"

रेमीचा चेहरा दगडासारखा झाला. प्रणिताने तिच्या हातातून फोन घेतला. "सर, लेफ्टनंट घरत बोलतेय. मी पेशंटला पाहिलंय. पोट कडक आहे. तुम्ही लगेच यायला हवं."

पलीकडे कोणीतरी चौकार मारला असावा, टाळ्या ऐकू आल्या. "अच्छा, काली पण तिथंच आहे?" मेजरसाहेब हसले. फोन बंद झाला.

रेमीने वॉर्डबॉयला सायकलवरून मेसवर पिटाळलं. साहेब साडेसात वाजता आले. पोटाला हात लावला आणि त्यांचा रंग उडाला. ताबडतोब पुन्हा ऑपरेशन झालं. नितेश वाचला, पण आतड्याचा हातभर तुकडा काढावा लागला. फौजेच्या कामाला तो पुन्हा लायक होणार नव्हता.

चौकशी लागली. तीन अधिकाऱ्यांचं मंडळ बसलं. मेजरसाहेबांनी लिहून दिलं की मला सात वाजेपर्यंत कोणी काही कळवलंच नाही, ही नर्स हिंदीत धड बोलत नाही, तिला लक्षणं समजलीच नसावीत. आणि वॉर्डाच्या वहीतलं त्या दिवसाचं पान नाहीसं झालं होतं. रेमीची नोकरी जाणार हे दिसत होतं.

साक्षीच्या आदल्या दिवशी मेजरसाहेबांनी प्रणिताला बोलावून घेतलं. मित्रांनो, त्या दिवशी त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं आणि पहिल्यांदाच वाचलं.

"प्रणिता घरत," ते गोड आवाजात म्हणाले. "तू चांगली मुलगी आहेस. बदली मागितली आहेस ना, घराजवळ? वडिलांच्या डोळ्यांचं काही आहे म्हणे. तो कागद माझ्या शिफारशीवरच पुढे जाणार आहे. उद्या विचारतील ते. तू काही नीट ऐकलं नसशील. तिकडे केवढा गोंधळ होता."

ते नाव त्यांच्या तोंडून ऐकून मला आनंद व्हायला हवा होता. मला शिसारी आली.

दिनानाथांचे डोळे खरंच चालले होते. उजव्या डोळ्याने त्यांना फक्त उजेड दिसायचा. जनीने शेजारच्या मुलाकडून पत्र लिहून घेतलं होतं, तू जवळ असतीस तर मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात दाखवलं असतंस. ते पत्र प्रणिताच्या खिशात, माझ्या मागेच असायचं.

दुसऱ्या दिवशी मंडळापुढे तिला विचारलं, "तुम्ही फोनवरचं बोलणं ऐकलं का?"

प्रणिता म्हणाली, "मला नीट ऐकू आलं नाही, सर."

मी तिच्या छातीवर होते. तिचं काळीज कसं धडधडत होतं ते फक्त मला माहीत. माझं नाव तिचं होतं, तिचं खोटं माझं झालं. तुमच्यापासून हे लपवून मी तिची थोरवी सांगत बसले असते, तर मी चांगली पट्टी नसते.

रेमीला ते कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीप्रमाणे तिने दोघींच्या गणवेशांना इस्त्री केली. प्रणिता आरशासमोर उभी राहिली तेव्हा मी जरा तिरकी लागले होते. रेमीने पुढे होऊन मला सरळ केलं. "आता ठीक आहे," म्हणाली आणि कामाला निघून गेली. त्यापेक्षा तिने दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

प्रणिता नितेशच्या खाटेशी गेली. तो अगदी वाळून गेला होता. पुटपुटल्यासारखं बोलायचा.

"ताई, उद्या साहेबलोक माझ्याकडं येनार हायेत. विचारायला."

"हं."

"मी सगळं सांगनार. मॅडमनी दोनदा फोन लावला ते. तुमी घेतला ते. मी पडल्या पडल्या ऐकत व्हतो. माझं पोट फाटलं व्हतं, कान नाय." मग तो अडखळला. "पन ताई, एक अडचन हाय. त्या मॅडमचं नाव काय? मला चिंकीच ठावं. साहेबापुढं चिंकी कसं म्हनू? तिनं मला वाचवलं, नि मला तिचं नाव ठावं नाय."

प्रणिताच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने त्याला नाव सांगितलं. तो 'लालमेरी' म्हणाला. तिने पुन्हा म्हणायला लावलं. 'लालरेणी'. पुन्हा. चौथ्या वेळेला जमलं.

"लेफ्टनंट लालरेमी," नितेश म्हणाला. "आनि तुमी काय सांगितलंत ताई, काल?"

ती उठली. वॉर्डाबाहेर आली, लांबलचक व्हरांडा ओलांडला आणि मंडळ बसत होतं त्या खोलीच्या दारावर टकटक केली.

मंडळाचे प्रमुख एक केस पिकलेले कर्नल होते. "सर, मला माझी साक्ष पुन्हा द्यायची आहे," प्रणिता म्हणाली. "काल मी खोटं बोलले."

त्यांनी हातातलं पेन ठेवलं. "का?"

"भीती वाटली. आणि बदली हवी होती."

"हे मला लिहावं लागेल, लेफ्टनंट. तुमच्याविरुद्ध जाईल."

"लिहा, सर." मग तिने सगळं सांगितलं. किती वाजता, कोणते शब्द, कसं हसणं. काली आणि चिंकी हे शब्दही तिने जसेच्या तसे सांगितले. बाजूला बसलेले एक अधिकारी म्हणाले, "ही तर चेष्टा असते हो. फौजेत चालतं असं."

प्रणिता म्हणाली, "सर, त्या चेष्टेपायी साहेबांनी रेमीचं ऐकलं नाही. तिच्या जागी दुसरं कोणी बोलत असतं, तर ते मॅच सोडून आले असते. नितेशचं पोट कशाने फाटलं ते शोधताय ना? यानेच."

कर्नल लिहीत राहिले.

निकाल लागला तो असा. रेमीवरचा ठपका निघाला. मेजरसाहेबांना लेखी ताकीद मिळाली आणि त्यांची दुसरीकडे बदली झाली. तिथं पुढे त्यांना बढतीही मिळाली असं ऐकलं. प्रणितालाही ताकीद मिळाली, पहिल्या दिवशीच्या खोट्यासाठी. तिची घराजवळची बदली नामंजूर झाली. इस्पितळात एक हुकूम लावला गेला, की सर्वांना हुद्द्याने आणि नावानेच हाक मारावी. तो कागद तीन महिन्यांत भिंतीवरून सुटून पडला. पण एक गोष्ट टिकली. नर्सने डॉक्टरला बोलावलं की त्याची वेळ एका वेगळ्या वहीत लिहायची, आणि डॉक्टरने येऊन तिथं सही करायची. त्या वहीची पानं क्रमांक घातलेली होती. एखादं फाडलं असतं तर कळलं असतं. ती वही रेमीने आखली.

लढाई जिंकल्यासारखं काही वाटलं नाही, मित्रांनो. हवालदार अजूनही घड्याळाकडेच बघत होता. फक्त नितेश घरी जाताना, काठी टेकत दोघींसमोर थांबला आणि त्याने दोघींना वेगवेगळा, पूर्ण सॅल्यूट केला.

पावसाळ्यानंतर प्रणिताला रजा मिळाली. तोवर दिनानाथांचा उजवा डोळा पुरता गेला होता. मिठागराच्या बांधावर बापलेक बसले आणि तिने त्यांना सगळं सांगितलं. खोटं बोलल्याचंही.

दिनानाथांनी बांधावरचं एक ढेकूळ हाताने फोडलं. मग म्हणाले, "पयल्या दिशी का नाय सांगितलंस?"

"भ्याले, बाबा. तुमच्या डोळ्यांसाठी..."

"माझ्या डोल्याव नको घालू." ते रागावले नव्हते, दमलेले होते. "आमी पन मुकादमापुढं लय येला गप बसलो. तुला तरी दुसऱ्या दिशी वाचा फुटली."

१९९७ साली पाच वर्षं पुरी झाल्यावर प्रणिता नोकरी सोडून परत आली. रोह्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीच्या दवाखान्यात तिला काम मिळालं आणि वरसेला खोली घेतली. आई-वडील पेणकडेच राहिले, ती दर रविवारी एसटीने त्यांच्याकडे जाई. आता तिच्या गळ्यात कंपनीचं फोटोचं कार्ड असे. मला तिने खणात ठेवलं, तेव्हाच माझी पिन तुटली. नवी बसवायला कोणाला सवड नव्हती. मीही तक्रार केली नाही. इतकी वर्षं छातीवर ताठ बसल्यावर बटणांत आडवं पडायलाही बरं वाटतं.

रेमी मात्र फौजेत राहिली. कॅप्टन झाली. दर नाताळात तिचं पत्र येई.

दोन वर्षांनी, जून महिन्यात, शेजारच्या आळीतल्या कृष्णाबाई आपल्या लेकीला घेऊन आल्या. भाविका अठरा वर्षांची, बारावी झालेली. लष्कराच्या नर्सिंग शाळेत तिची निवड झाली होती. पत्र हातात होतं.

"घरतबाय, तुमी तिथं व्हतात," कृष्णाबाई म्हणाल्या. "खरं काय ते सांगा. पाठवू का नको?"

प्रणिताने खण उघडला, मला बाहेर काढलं, टेबलावर ठेवलं आणि सांगायला बसली. दोन तास सांगत होती. चहा निवून गेला. काही गाळलं नाही.

कृष्णाबाईंनी पदर तोंडाला लावला. "आनि मंग कशाला जाऊ द्यायची पोरीला असल्या ठिकानी?"

"मावशी, मी जा म्हणून सांगणार नाही नि नको म्हणूनही नाही," प्रणिता म्हणाली. "काम मोठं आहे. माणसं वाचतात. पगार आपल्या हातात येतो, गावाबाहेरचं जग दिसतं. आणि हे सगळंही आहे. सावलीत चाललीये असं समजून जाऊ नकोस गो भाविका, एवढंच."

भाविकाने पत्राची घडी घातली. तिने विचारलं, "ताई, तुम्ही पुन्हा गेला असतात का?"

प्रणिताने खिडकीबाहेर पाहिलं. "गेले असते. पण पहिल्याच दिवशी बोलले असते. त्या समोशांच्या दिवशीच, साहेबांच्या तोंडावर. तेव्हाच बोललो असतो आम्ही, तर त्या नितेशला अख्खं पोट घेऊन घरी जाता आलं असतं."

भाविका गेली.

ऑक्टोबरात तिचं पत्र आलं. प्रणिता सकाळच्या शिफ्टला निघाली होती, पायात चपला होत्या. तिने उभ्यानेच पाकीट फोडलं. मी टेबलावरच होते, म्हणून मला ऐकू आलं, कारण ती अर्धं मोठ्याने वाचत होती.

भाविकाने लिहिलं होतं, की शिकवणारे एक सर वर्गातल्या एका आदिवासी मुलीला रोज 'जंगली' म्हणतात, आणि मुलींच्या उंचीवरून, अंगावरून काहीबाही बोलतात. 'आम्ही चौघींनी तारखा आणि शब्द लिहून ठेवले आहेत. परवा अर्ज केला. तिला विचारूनच केला. आधी चौघी होतो, सह्या करताना अकरा झालो. पण तो अर्ज घेतला नाही, परत दिला. ताई, आता पुढे कोणाकडे द्यायचा असतो? मला भीती वाटते आहे. लवकर कळवा.'

प्रणिता खुर्चीवर बसली. तिचे खांदे खाली आले. "परत तेच," ती हळूच म्हणाली. मी तिचा इतका थकलेला आवाज पूर्वी ऐकला नव्हता. बाहेर रस्त्यावर कंपनीची बस आली, तिने दोनदा हॉर्न वाजवला.

प्रणिताने चपला काढल्या. खणातून कागद घेतला, पेनचं टोपण उघडलं आणि लिहू लागली. कोणाकडे द्यायचा, त्यांनी नाही घेतला तर त्यांच्यावर कोण, नक्कल कुठं ठेवायची, पोच कशी मागायची. बस निघून गेली. ती लिहीतच होती. चौथ्या पानावर तिने रेमीचा पत्ता लिहिला आणि खाली दोन रेघा मारल्या.

मित्रांनो, मला नवी पिन बसवा असं मी म्हणत नाही. माझं झालं. पण तुमच्यासमोर कोणाला त्याच्या रंगावरून, नाकाडोळ्यांवरून किंवा बाई म्हणून काही म्हटलं गेलं, तर ऐकू आलं नाही असं म्हणू नका. हसून सोडू नका. आणि ज्याला म्हटलं गेलं, त्या माणसाची काळजी घ्या. त्याच्या शेजारी जाऊन उभे राहा. फार दमायला होतं एकट्याने उभं राहून.